रिकामी परत आलेली ताटली

इंचॉन, २० ऑगस्ट २०१८

ती. ओकबुनताईस,
धाकट्या मिरानचा सा. न. वि. वि.

परवा फोन आपटण्याआधी तू म्हणालीस की यापुढे काय सांगायचं ते कागदावर सांग, कागद निदान मधे तोंड घालत नाही. बरं, घेतला कागद. दाजींच्या गिरणीतलं तांदळाचं पोतं मी परत पाठवलं याचा तुला एवढा राग येईल असं वाटलं नव्हतं. पोतं परत पाठवलं, ताई, तुला नाही.

पुन्हा सांगते, सावकाश वाच. मला मधुमेह आहे हे तुला कळलं तेव्हा तू म्हणालीस की या वयात कुणाला नसतो. मे महिन्यात सुईत दोरा ओवताना डाव्या डोळ्यासमोर काळे ठिपके नाचायला लागले. माझं कपडे अल्टर करायचं दुकान म्हणजे काय, एक मशीन आणि दोन डोळे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत रक्त उतरलंय म्हणून सांगितलं, आणि साखर आवरली नाहीस तर पुढच्या वेळी माझ्याही हातात काही राहणार नाही, असं बजावलं. त्या दिवसापासून भात, शेवया, पाव बंद. आणि हो, तुझ्या तांदळाच्या वड्यासुद्धा. अंडी, टोफू, मासे, पालेभाजी, किमची खाते. डुकराचं मांस पानात गुंडाळून खाते, आत भाताचा गोळा न घालता. साखर उतरली, मधुमेहाच्या डॉक्टरांनी एक गोळी कमी केली, वजन अकरा किलोंनी घटलं. सध्या मी माझेच स्कर्ट आत घेते आहे, आणि मीच माझी सगळ्यात चिकट गिऱ्हाईक आहे.

पण याचा आनंद कुणाला? बायका विजार आखूड करायला येतात, माझं तोंड बघतात आणि आवाज खाली आणून कुठला कॅन्सर म्हणून विचारतात. ताएग्यू म्हणतो, आई, आपली माणसं भाताच्या जोरावर चालतात, हे असलं खूळ अमेरिकेतल्या लोकांनी करावं. त्याच्या पोटाकडे बघता जोर जरा जास्तच झालाय. सूनबाई हेरिम काही बोलत नाही. मी त्यांच्याकडे गेले की वाटीभर भात वाढून समोर ठेवते, आणि ती भरलेली वाटी उचलताना माझ्याकडे बघत नाही.

या सगळ्यांचं मी एका कानानं ऐकते. तुझं मात्र लागतं. तुला वाटलं मी नाटक करते.

नातू रोउन सव्वा महिन्याचा झाला. डोळे माझ्यावर गेलेत, म्हणजे पूर्वीच्या माझ्यावर. ऑक्टोबरात त्याचा शंभरावा दिवस आहे. वडी तुझ्याच हातची हवी.

दाजींना नमस्कार. राग कर हवा तेवढा, फक्त माया पातळ करू नकोस.

तुझी,
मिरान


किम्जे, २ सप्टेंबर २०१८

चि. मिरान हिस,
पोत्यासकट अनेक आशीर्वाद.

पोतं पोचलं. बसवाल्यानं भर बाजारात मला विचारलं की तांदूळ खराब निघाला का. तीस वर्षं मी वड्यांचं दुकान चालवते, तुझे दाजी शेजारी गिरणी चालवतात, आणि आमचाच तांदूळ आमच्या दारात परत येतो! बहिणीच्या घरात ठेवायला जागा नाही असं ठोकून दिलं. या वयात तू मला खोटं बोलायला लावलंस.

तुला आठवतं का बघ. लहानपणी आपल्या वाट्याला जवाची पेज असायची आणि पांढरा भात फक्त बाबांच्या वाटीत. तू त्या वाटीकडे टक लावून बसायचीस. बाबा मुद्दाम दोन घास ठेवून उठायचे आणि त्यासाठी आपण एकमेकींच्या झिंज्या ओढायचो. आता तोच भात समोर येतो आणि तू तोंड फिरवतेस. आमच्याकडे याला माज म्हणतात. डॉक्टर काय म्हणतात ते मला माहीत नाही.

आणि वजनाचं कौतुक मला सांगू नकोस. तू पाठवलेला फोटो बघितला. तोंड चिमणीएवढं झालंय. बाजारातल्या बायका विचारतात, वडीवालीची सख्खी बहीण वडीला विष म्हणते ते खरं का. मी काय सांगू? मी स्वतः रोज प्रत्येक घाणा चाखते. मीठ बघितल्याशिवाय एकही वडी माझ्या दुकानातून बाहेर गेलेली नाही. मला काय झालंय? या उन्हाळ्यात तहान फार लागते, पाण्याचा जग जवळ घेऊनच बसते, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, पण ते वय आहे. यावर भाषण लिहून धाडू नकोस.

रोउनची वडी मी करणार नाही तर कोण करणार? पांढरीशुभ्र, वर तीळसुद्धा नाही. ऑक्टोबरच्या सतरा तारखेला पहिल्या बसवर ठेवते. शंभर माणसांनी खाल्ली की मूल शंभर वर्षं जगतं आणि पहिला तुकडा आजीचा, एवढं तुला माहीत आहेच. तो मुकाट्यानं खायचा. त्या दिवशी तुझं नाक मुरडणं घरी ठेव.

दाजी म्हणतात, पोतं इथेच राहील, नाव तुझंच आहे.

तुझ्यावर जीव असलेली, पण सध्या न दाखवणारी,
ओकबुन


इंचॉन, २१ ऑक्टोबर २०१८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वडी पोचली तेव्हा कोमट होती. कापड काढल्यावर घरभर तुझ्या दुकानाचा वास पसरला. सगळ्यांनी फार नावाजली. आता पुढचं वाच, आणि वाचून होईपर्यंत उठू नकोस.

ताएग्यूनं पहिला तुकडा माझ्या हातात दिला, विटेएवढा. मी खाणार होते, ताई. निदान एक घास. पण चार दिवसांवर डोळ्याचं लेझर होतं, साखर चढलेली दिसली तर पुढे ढकलू असं डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं, आणि सकाळी बोट टोचून पाहिली तर नेमकी चढलेली. घरात बाळ, पाहुणे, धावपळ, त्यानंही चढते म्हणतात. मी तुकडा ओठाला लावला. सगळे बाळाकडे बघतायत असं वाटलं, म्हणून हळूच परत ताटलीत ठेवला. ओठाला लावलेला, शंभराव्या दिवसाचा तुकडा, ताटलीत!

हेरिमची आई समोरच होती. विहीणबाईंनी पाहिलं. त्यांच्या बहिणीनं तर बोलूनच घेतलं, की सख्ख्या आजीलाच नातवाचं आयुष्य नको असेल तर परक्या नव्व्याण्णव जणांनी खाऊन काय उपयोग. मी साखरेचं सांगायला गेले तर सगळी बैठक वैद्य झाली. एकीनं तुतीचा पाला उकळून प्यायला सांगितलं, दुसरीनं व्हिनेगर, तिसऱ्या एका काकांनी डोंगर चढायला. भात सोडायचा नसतो यावर मात्र सगळ्यांचं एकमत. ताएग्यू खाली मान घालून वड्या कापत बसला. माझा मुलगा, ज्याला मी डोळ्यांच्या दवाखान्यातून घरी सोडायला बोलावते, तो एवढंसुद्धा म्हणाला नाही की आईचा डोळा अधू झालाय.

विहीणबाईंना घरी न्यायला वड्यांची ताटली दिली होती, निळ्या काठाची, आपल्या आईची. काल हेरिमनं ती परत आणून दिली. धुतलेली, पुसलेली आणि रिकामी. बाळाच्या दीर्घायुष्यासाठी देतात ती धाग्याची गुंडी नाही, मूठभर तांदूळ नाही, एक संत्रं नाही. बाळाच्या वडीची ताटली कुणी रिकामी परत करतं का, ताई? आपल्या गल्लीतली भांडकुदळ म्हातारीसुद्धा निदान एक कांदा ठेवायची. हेरिम दारातूनच म्हणाली की रोउनला सर्दी आहे, काही दिवस येऊ नका. मी त्याला एकदाही शिंकताना पाहिलेलं नाही.

आज लेझर झालं नाही. साखर चढली होतीच. म्हणजे वडीही खाल्ली नाही आणि लेझरही राहिलं.

मला रडू येत नाही, संताप येतो. जाडी होते तेव्हा कमी खा म्हणून सगळे सांगत होते. आता कमी खाते तर गुन्हेगार. तू तरी माझ्या बाजूची आहेस असं दोन ओळींत लिही.

दुबळ्या डोळ्यांनी तुझी वाट बघणारी,
मिरान


किम्जे, ३० ऑक्टोबर २०१८

मिरान हिस आशीर्वाद.

दोन ओळी हव्यात ना? घे. उष्टा तुकडा ताटलीत ठेवलास. मी विहीणबाईंच्या जागी असते तर ताटली रिकामीसुद्धा पाठवली नसती.

एक घास खाल्ला असतास तर डोळा फुटला नसता. तुला काय त्रास आहे तो असेल, पण बाळाच्या वडीसमोर स्वतःचं पथ्य मिरवायचं नसतं. तो तांदूळ मी तीनदा चाळला होता. घाण्याशेजारी बसून राहिले, कुणाशी बोलले नाही, कारण वडी फुगताना दुकानात वाद झाला तर ती तडकते. आणि ती तू ओठाला लावून परत ठेवलीस. लोकांचं सोड, मला काय वाटलं असेल?

असो. इथे लग्नसराई आहे. गर्दीत वाफेचं भांडं सरकून डाव्या पायावर गरम पाणी सांडलं. करंगळीला फोड आला होता तो फुटला, पंधरा दिवस झाले तरी ओला आहे. दुखत मात्र अजिबात नाही, तेवढं बरं. दाजी उगाच हळद लाव, तेल लाव करत मागे लागतात.

माया थोडी कमी केली आहे. वागणूक बघून वाढवू.

ओकबुन


इंचॉन, ३ नोव्हेंबर २०१८

ती. ताईस सा. न. वि. वि.

भांडण बाजूला ठेव. भाजलेली जखम दुखत नाही ही चांगली गोष्ट नाही, ताई. तहान, चष्मा, न सुकणारा पाय. हे वय नाही. मला हे सगळं डॉक्टरांनी विचारलेलं आहे, म्हणून पाठ आहे. उद्या बाजारातल्या दवाखान्यात जा, उपाशीपोटी, आणि रक्त दे. घाणा चाखायच्या आधी.

माझ्यावर हवं तेवढं रागाव, पण जा.

मिरान


इंचॉन, १२ फेब्रुवारी २०१९

ती. ताईस,
उत्तर न देणाऱ्या बहिणीसही सा. न. वि. वि.

माझ्या तीन पत्रांना तुझं एक उत्तर नाही. नव्या वर्षाला सूपासाठी चकत्या कापलेल्या वड्यांचं खोकं आलं, आत चिठ्ठी नाही. म्हणजे जीव आहे पण बोलायचं नाही. वड्या खालच्या मजल्यावर दिल्या. हे सूप प्यायलं की वय एका वर्षानं वाढतं; मी प्यायले नाही, म्हणून नियमाप्रमाणे माझं वय वाढलेलं नाही. आता मी तुझ्याहून आणखी एका वर्षानं लहान, तेव्हा थोरलीसारखी वाग.

डिसेंबरात लेझर झालं. डोळा टिकला म्हणतात. ठिपके आहेत, पण दोरा ओवता येतो.

ताएग्यू आणि हेरिम नव्या वर्षाचा नमस्कार करायला आले आणि कोट न काढता गेले. रोउनला दोन दात आलेत. ते मी त्याच्या जांभईत पाहिले. मी त्याला घेतलं तर हेरिमचे हात हवेत तसेच, झेलायला तयार. मी काय बाळाला टाकणार होते?

डॉक्टरांनाही आता माझा कंटाळा आलाय. साखर छान आहे म्हणतात, आणि पुढच्याच वाक्यात, हे किती दिवस जमणार, असं विचारतात. मला माहीत असतं तर सांगितलं नसतं का? रोज संध्याकाळी खालच्या घरातून भात शिजल्याचा वास येतो आणि मी खिडकी लावते. मलाही भात आवडतो, ताई. हे कुणी विचारतच नाही. सगळ्यांना वाटतं मला तो नकोसा झालाय.

रक्त तपासलंस का? एवढंच लिही. पालथ्या घड्यावर पाणी ओतायला माझी हरकत नाही, घडा तेवढा शाबूत हवा.

मिरान


किम्जे, १८ मार्च २०१९

चि. मिरान हिस आशीर्वाद.

मला पत्र लिहिता येत नाही, म्हणून थोडक्यात. ओकबुनला जॉन्जूच्या इस्पितळात ठेवलं आहे. करंगळी काळी पडली होती. ती मोजा घालून लपवत होती, मला काल दिसली. साखर इतकी आहे की डॉक्टरांनी मलाच दम दिला. तुझी पत्रं ती पिठाच्या डब्यामागे ठेवायची. सगळी फोडलेली आहेत.

करंगळी उद्या काढणार. बाकीचं पाऊल वाचेल म्हणतात. तुला कळवू नका असं तिनं बजावलं आहे. म्हणून फोन केला नाही, पत्र टाकलं.

तुझे दाजी


किम्जे, ९ मे २०१९

चि. मिरान हिस अनेक आशीर्वाद, या वेळी मनापासून.

तू आठ दिवस माझ्या उशाशी बसलीस आणि एकदाही म्हणाली नाहीस की मी सांगितलं होतं. मी रोज वाट बघत होते. म्हणाली असतीस तर मी भांडले असते आणि हलकी झाले असते. तू नुसती सफरचंद सोलत बसायचीस, मला एक फोड द्यायचीस आणि स्वतः सालं खायचीस. ते मला करंगळीपेक्षा जास्त लागलं.

पाऊल वाचलं. दुकानात येते, स्टुलावर बसते. इथले डॉक्टर तुझ्याइतके कडक नाहीत, अर्धी वाटी भात चालेल म्हणतात, डाळ-तांदूळ मिसळून. तुझ्या मांसाच्या पथ्यावर माझा अजून विश्वास नाही, हे लिहून ठेवते. पण घाणा चाखणं बंद. दिवसभर एकेक चिमूट म्हणता म्हणता मी किती खात होते, ते डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मलाच सांगता येईना.

त्याचं मला फार वाईट वाटतं, मिरान. परवा एका लग्नाचा घाणा न चाखता बाहेर गेला. दाजींना चाखायला सांगितलं तर त्यांना सगळंच छान लागतं. त्या माणसानं तीस वर्षं माझं जेवण छान म्हटलं, त्याचा अर्थ मला आता कळला. घरी आले आणि चिडून रडले. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात ते खोटं नाही. तू वर्षभर कशी राहिलीस आणि वर आमची बोलणी कशी ऐकलीस?

पोतं अजून तुझ्या नावानं आहे. त्यातला तांदूळ दाजींनी विकला, पोतं ठेवलंय.

तुझी नऊ बोटांची,
ओकबुन


इंचॉन, २३ जून २०१९

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू काय केलंस ते मला आज कळलं, आणि तुझ्याकडून नाही.

सकाळी हेरिम आली, रोउनला घेऊन, न सांगता. हातात एक ताटली होती, आपली निळ्या काठाची नव्हे, विहीणबाईंची स्वतःची. त्यावर पांढऱ्या धाग्याची जाडजूड गुंडी. शंभराव्या दिवसाची, आईनं दिलीय, उशीर झाला, असं म्हणून ती उभीच राहिली. मग बसली आणि मग सांगितलं. तू विहीणबाईंना फोन केलास. आमच्या घराण्यात साखर आहे, बहिणीचा डोळा जाता जाता राहिला, माझं बोट गेलं, आणि तिला हट्टी म्हणणाऱ्यांत मी पहिली होते, असं सगळं सांगितलंस. सोयरिकीत असलं कुणी तोंडातून काढतं का, ताई? लोक लग्न ठरताना चष्मासुद्धा लपवतात. आणि तू, जिनं तांदळाचं पोतं परत आलं तर जागा नाही म्हणून सांगितलं!

हेरिम म्हणाली की मला वाटायचं तुम्हाला माझ्या हातचं चालत नाही. एवढंच होतं तिच्या मनात. वर्षभर ती भात वाढत राहिली आणि मी परत करत राहिले. मी तिला एकदाही नीट सांगितलं नव्हतं, कारण सगळ्यांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं होतं आणि नेमकी तीच राहिली. आज तिनं अंडी उकडली. कच्ची राहिली होती. मी तीन खाल्ली.

ताएग्यूचा मात्र विश्वास नाहीच. तो म्हणतो आई, हे सगळं ठीक आहे, पण आता वजन पुरे.

सहा जुलैला शनिवारी रोउनचा पहिला वाढदिवस करतोय. वडी मागायला मला तोंड नाही. तरी मागते.

तुझी,
मिरान


किम्जे, ६ जुलै २०१९, पहिल्या बसआधी

चि. मिरान हिस आशीर्वाद.

फोनचं काही बोलू नकोस. विहीणबाई चांगल्या आहेत, फक्त मधे मधे बोलू देत नाहीत. माझ्यासारख्याच.

खोक्यात मोठी वडी आहे ती सगळ्यांची. उकाडा आहे, पोचताच कापड काढ. कोपऱ्यात पानात बांधलेली वेगळी पुडी आहे, ती तुझी. अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा आहे, त्याच घाण्यातला. तेवढ्यानं काही होणार नाही असं माझे डॉक्टर म्हणतात; तुझ्या डॉक्टरांना विचार, आणि ते नको म्हणाले तर खालच्या मजल्यावर दे, मी रागावणार नाही. तसाच एक तुकडा माझ्यासमोर आहे. मी तो अजून खाल्लेला नाही. पहिला तुकडा आजीचा असतो.

आणि एक काम आहे. दाजींना विचारण्यात अर्थ नाही. दुकानातल्या मुलींना मीठ कळत नाही. आपल्या घरात मिठाची जीभ दोघींनाच होती, आईनं ती आपल्याला वाटून दिली. माझी मी बंद केली. तेव्हा तू खाल्लास तर नुसता गिळू नकोस. जिभेवर ठेव आणि मीठ बरोबर पडलंय का ते मला कळव. लपवू नकोस. पुढचा घाणा त्यावर आहे.

माझी माया पूर्ववत केली आहे, त्यात आता घट करायची नाही.

ओकबुन


इंचॉन, ६ जुलै २०१९, संध्याकाळ

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांना फोन केला. ते हसले, पण खा म्हणाले. सगळ्यांसमोर खाल्ला, विहीणबाईंच्या शेजारी बसून. त्यांनी स्वतः पानाची गाठ सोडून दिली. काय उचलतो ते बघायला रोउनसमोर धागा, पेन्सिल, नोटा सगळं मांडलं होतं, त्यानं त्यातलं काही उचललं नाही, वडी मुठीत धरून चेपली. एका काकांनी मला तुतीच्या पाल्याचं पुन्हा सांगितलं.

तू सांगितल्याप्रमाणे जिभेवर ठेवला. वर्ष झालं होतं, ताई. बराच वेळ गिळवला नाही.

आता तुझा तुकडा खा.

मीठ किंचित कमी पडलंय.

तुझी,
मिरान